इकडील सर्व क्षेम
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो असा, की परदेशी गेलेली आपली माणसे आणि आपले घर. आम्ही म्हटले, अहो, यावर एखाद्या प्रोफेसरांना बोलवा. आम्ही साच्यावर उभे राहिलेले माणूस. रात्रशाळेतून दहावी, आणि पुढचे काय ते शिक्षण वाचनालयात झाले. तर समितीची मंडळी म्हणाली, "तुमची मुलगी तिकडे आहे ना? मग तुम्हीच बोला." आता यावर काय बोलणार? म्हणून उभे राहिलो. चुकभूल सांभाळून घ्या.

आपल्या वस्तीत आता दर दोन-तीन घरांआड एक माणूस बाहेर आहे. कोणी दुबई-मस्कतला, कोणी बोटीवर, काही मुली नर्स होऊन इंग्लंडला गेल्या. त्यात आमची एक, २०१९ पासून. रात्री जेवणे झाली की घराघरात मोबाईल डब्याला टेकवून उभा करतात. आणि बोलणे काय होते? जेवलीस का? जेवले. तुम्ही जेवलात? जेवलो. थंडी आहे का? आहे. झाले. मग दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. पूर्वी ट्रंक कॉलला पैसे पडत, म्हणून लोक घाईघाईने बोलत. आता पैसे पडत नाहीत, तर बोलायलाच काही नाही. आमच्या घरीही असेच चालायचे. चार वर्षे चालले म्हणा ना.

मग एकदा पोरगी सुट्टीवर आली, ती येताना जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एक पुस्तक घेऊन आली. इंग्रजी. एका बापाची आणि लेकाची पत्रे. म्हणाली, "पप्पा, हे तुम्ही वाचा, हा बाप मला तुमच्यासारखा वाटला." शब्दकोश मांडीवर घेऊन आम्ही तो सगळा पावसाळा ते पुस्तक वाचले. आज जे सांगायचे आहे ते त्या पुस्तकावरून आणि त्या लेखकाच्या इतर लिखाणावरून. माणसे आपल्यातली नव्हेत, आपल्या देशातलीही नव्हेत. तरी ऐका.

ब्रायन लारा ज्या बेटाचा, ते त्रिनिदाद तुम्हाला क्रिकेटमुळे माहीत असेल. त्या बेटावर हिंदुस्थानातून नेलेले लोक फार आहेत. गुलामगिरी बंद झाली, उसाच्या मळ्यांना मजूर मिळेनात, तेव्हा इंग्रजांनी इकडून माणसे नेली. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' नावाचे पहिले जहाज तिथे लागले. १९१७ पर्यंत जवळजवळ १,४४,००० माणसे नेली. बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची, कलकत्त्याच्या बंदरातून. पाच वर्षांचा करार, ज्याला ते लोक गिरमिट म्हणत. करार संपल्यावर कित्येक परत आलेच नाहीत. गावी कोण होते, काय होते, हळूहळू सगळे पुसून गेले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे नाते समुद्रापलीकडे किती दिवस टिकणार?

अशाच एका गिरमिटिया घरात १९०६ साली सीपरसाद नायपॉल जन्माला आले. बाप लहानपणीच गेला. थोरला भाऊ उसाच्या मळ्यात राबायला गेला, म्हणून याला थोडीफार शाळा मिळाली. पुढे पाट्या रंगवण्याचे काम केले. दुकानांवरच्या पाट्या रंगवता रंगवता अक्षराची गोडी लागली, आणि १९२९ साली 'त्रिनिदाद गार्डियन' या वर्तमानपत्रात बातम्या लिहू लागले. कॉलेज नाही, काही नाही. जे शिकले ते वाचून शिकले. लग्न झाले ते मोठ्या जमीनदार ब्राह्मण घराण्यात. त्या सासुरवाडीच्या भल्यामोठ्या घरात हा गरीब जावई किती वर्षे काढत होता, आणि तिथे त्याला काय किंमत होती, त्यावर पुढे एक आख्खी कादंबरी झाली. त्याकडे नंतर येतो.

१९३३ सालची एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. बेटावर जनावरांमध्ये रोग पसरला होता. सरकार लस टोचा म्हणत होते आणि लोक लस सोडून कालीपुढे बोकड कापत होते. सीपरसादने पेपरात याविरुद्ध लिहिले. तर त्याला निनावी चिठ्ठी आली, की तूही बोकड काप, नाहीतर आठवड्यात मरशील. पहिल्यांदा त्याने हसण्यावारी नेले. पण घरचे घाबरले, सासुरवाडीचा दबाव आला, आणि शेवटी त्याला स्वतःच्या हाताने तेच करावे लागले, जे वेडगळपणाचे आहे म्हणून त्याने छापले होते. ही बातमी न्यूयॉर्कच्या पेपरातही आली. पुढे त्याचे डोके फिरले. त्याच्या बायकोने मुलाला फार वर्षांनी सांगितले, की एके दिवशी ते आरशात बघायला गेले तर त्यांना स्वतःचे तोंडच दिसेना, आणि ते ओरडायला लागले.

हे वाचून आम्ही पुस्तक मिटून ठेवले होते. अंगारेधुपारे सोडा आणि औषध घ्या, असे सांगणाऱ्याला भावकी काय करते हे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना सांगायला नको. पण जो माणूस वाकला, त्याच्या मनाचे काय होते हे आम्ही पूर्वी कधी धड विचारात घेतले नव्हते. आम्ही अशांना सरळ भेकड म्हणून मोकळे व्हायचो.

तर हा माणूस बरा होऊन पुन्हा लिहू लागला. बातम्याच नव्हे, गोष्टीसुद्धा. त्या उसाच्या मळ्यातल्या माणसांच्या गोष्टी, त्यांची लग्ने, भांडणे, मारामाऱ्या. १९४३ साली त्याने आपले एक छोटे पुस्तक स्वतःच छापून काढले, 'गुरुदेवा' नावाचे. मुलांना रात्री बसवून मोठमोठ्या लेखकांची पुस्तके वाचून दाखवायचा. सात लेकरे, पाच मुली आणि दोन मुलगे. पगार बेताचा. तरी थोरली कमला १९४९ साली शिकायला कुठे गेली, तर बनारसला, हिंदू विश्वविद्यालयात. म्हणजे आजा-पणजा जिथून गेला त्या देशात नात परत आली. आणि दुसऱ्याच वर्षी मुलगा विद्या सरकारी स्कॉलरशिप मिळवून ऑक्सफर्डला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. एक लेक हिंदुस्थानात, एक लेक विलायतेत आणि आईबाप वेस्ट इंडीजच्या बेटावर. तीन टोके झाली. मध्ये फक्त टपाल.

आता ही पत्रे कशी आहेत ते सांगतो. त्यात पैसा आहेच. बाप पैसे पाठवतो, पोरगा कमी पडले म्हणतो. पोरगा सिगारेटी धाडा म्हणून लिहितो, कारण विलायतेत त्या महाग. आई कशी आहे, धाकटा काय करतो, गाडी नादुरुस्त झाली, असले सगळे आहे. पण अगदी सुरुवातीलाच बापाने पोराला एक गोष्ट लिहिली, ती आमच्या काळजात घुसली. तो लिहितो की बाळा, तुझी पत्रे छान असतात, पण तू मला माणसांविषयी लिही. तिथे कोण कोण भेटतात, कसे बोलतात, कसे वागतात ते लिही. मी ती पत्रे जपून ठेवीन आणि आपण त्याचे पुस्तक करू, बापलेकाची पत्रे म्हणून. बघा, १९५० साली एका बेटावरचा कारकुनी पगाराचा माणूस हे लिहितो, आणि जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९९ साली, त्याच नावाने ते पुस्तक खरोखर निघते. बाप तेव्हा नव्हता.

दुसरे असे, की या पत्रांत एकटा बाप उपदेश करीत नाही. इथे आपले चुकते. आपण पोराला फोनवर सांगतो, नीट राहा, वाईट संगत धरू नकोस, पैसे उडवू नकोस. या पत्रांत पोरगाही बापाला सांगतो, की बाबा, तुम्ही लिहायला बसा, तुमचे आयुष्य म्हणजेच कादंबरी आहे, सुरुवात करा. अठरा-एकोणीस वर्षांचे पोर बापाला हे सांगते आणि बाप रागावत नाही. उलट नवी गोष्ट लिहिली की टाईप करून पोराला धाडतो, कशी वाटली म्हणून विचारतो. त्याच्या काही गोष्टी लंडनहून बीबीसीच्या रेडिओवर 'कॅरिबियन व्हॉइसेस' या कार्यक्रमात वाचल्यासुद्धा गेल्या. दोघेही लिहायची उमेदवारी करणारे, एकमेकांना कच्चा माल दाखवणारे. गिरणीत दोन साचेवाले शेजारी-शेजारी असले म्हणजे एकाचा धागा तुटला की दुसरा नजर टाकतो, तसे.

परदेशी माणसाला एकटेपणा किती असतो, हेही त्या पत्रांत आहे. ऑक्सफर्डला विद्याची तब्येत बिघडली, म्हणजे मनाची. १९५२ च्या सुमारास तो फार खचला. पहिली म्हणून लिहिलेली कादंबरी प्रकाशकाने परत केली होती. बापाने तिकडून धीर दिला. स्वतः त्या खड्ड्यातून वर आलेला माणूस, त्याला कळत होते. घाबरू नकोस, असे नुसते लिहिणारे पुष्कळ असतात. आपल्या डोक्याचे एकदा काय झाले होते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या धीराला वजन असते.

आणि एका पत्रात बाप लिहितो, की तू घरी ये. नोकरी करू नकोस, पोटाची चिंता करू नकोस, मी तुला पोसतो, तू नुसता लिही. मला आयुष्यात ही संधी कोणी दिली नाही, ती मी तुला देतो. आम्ही हे पान पोरीच्या आईला वाचून दाखवले. ती म्हणाली, "आणि घर कोण चालवणार होतं? सात लेकरांचा बाप ना तो?" तेही खरेच आहे. द्रौपदीबाईंनी, म्हणजे विद्याच्या आईने, ते घर कसे रेटले यावर मोठे पुस्तक होऊ शकले असते. पत्रांत ती फार थोडी दिसते.

आता वाईट भाग. १९५३ च्या सुरुवातीला सीपरसादला हृदयविकाराचा झटका आला. अंथरुणावरून तो पोराला परत परत लिहीत होता, की माझ्या गोष्टी तिथल्या एखाद्या प्रकाशकाला दाखव, माझे पुस्तक निघाले पाहिजे. पोराला बापाविषयी प्रेम नव्हते असे नाही. पण त्या गोष्टी त्रिनिदादबाहेर कोणी छापील असे त्याला वाटले नाही, आणि त्याने काही केले नाही. हे दुसऱ्या कोणी त्याच्यावर ढकललेले नाही, त्यानेच पुढे छापून कबूल केले आहे. ३ ऑक्टोबर १९५३ रोजी बाप वारला. वय वर्षे ४७. म्हणजे आज आमचे आहे त्याच्यापेक्षा कमी. विद्याने तार केली, पण तो गेला नाही. घरचा भार कमलावर आला. घरच्यांना वाटत होते, विद्याने परत यावे, नोकरी धरावी. तो त्यानंतर तीन वर्षांनी, १९५६ साली, घरी पाऊल टाकतो.

आपल्यातला कोणी असता तर आपण काय म्हटले असते? बापाच्या मातीला आला नाही म्हणून वाळीतच टाकला असता. आम्हीही पहिल्यांदा तसेच म्हणालो. पण करोनाच्या वर्षी, २०२० साली, आपल्याच वस्तीतली दोन पोरे बापाच्या मातीला येऊ शकली नाहीत. विमानेच बंद. कोणाच्या खिशात पैसे नसतात, कोणाचा मालक सुट्टी देत नाही, कोणाचे कागद अडकलेले असतात. दुरून न्याय करणे सोपे असते.

१९५४ साली विद्या लंडनला आला. दम्याचा विकार, नोकरी मिळेना, एका नातेवाईकाच्या तळघरात राहायचा. मग त्याच बीबीसीच्या 'कॅरिबियन व्हॉइसेस' मध्ये, जिथे बापाच्या गोष्टी वाचल्या गेल्या होत्या, त्याला अर्धवेळ काम मिळाले. तिथे फुटकळ काम करणाऱ्यांसाठी एक खोली होती. १९५५ मध्ये एका दुपारी तो त्या खोलीत टाईपरायटरपुढे बसला. कागद रेडिओचा. माईकजवळ सळसळ होऊ नये म्हणून खास मऊ केलेला. आणि त्याला काय आठवले, तर लहानपणी पोर्ट ऑफ स्पेनच्या गल्लीत एक शेजारी सकाळी दुसऱ्या शेजाऱ्याला मारायचा ती हाक. तेवढी एक हाक त्याने टाईप केली आणि मागोमाग सगळी गल्ली आली. ऑक्सफर्ड नाही, विलायतेचे वर्णन नाही. आपल्याच गल्लीतले सुतार, रिकामटेकडे, मारकुटे नवरे, मोठमोठ्या बाता मारणारे. बाप पत्रांतून जे सांगत आला होता, की माणसांविषयी लिही, ते असे कागदावर उतरले.

प्रकाशक म्हणाला, गोष्टींचे पुस्तक आधी नको, कादंबरी आण. मग त्याने 'द मिस्टिक मॅस्यूर' लिहिली. एका मालीश करणाऱ्या बुवाची कथा, जो बघता बघता पंडित होतो आणि पुढारी होतो. (असले बुवा आपल्याकडेही कमी नाहीत, पण तो वेगळ्या भाषणाचा विषय.) १९५७ साली ती निघाली. नवशिक्या कादंबरीकाराचे वय तेव्हा चोवीस. गल्लीच्या गोष्टी 'मिगेल स्ट्रीट' नावाने १९५९ साली आल्या. आणि १९६१ साली 'अ हाऊस फॉर मिस्टर बिस्वास'. त्यात बापाचे सगळे आयुष्य आहे. पाट्या रंगवणे, सासुरवाडीतला अपमान, वर्तमानपत्र, आणि स्वतःचे घर पाहिजे म्हणून मरेपर्यंतची धडपड. दहा बाय बाराच्या खोलीत ज्यांनी जन्म काढला त्यांना ते पुस्तक कळायला शब्दकोश फारसा लागत नाही, हे आम्ही अनुभवाने सांगतो. २००१ साली त्यांना नोबेल मिळाले. २०१८ साली ते वारले.

इथे एक खुलासा करतो, नाहीतर सभा संपल्यावर आमचे तरुण मित्र आम्हाला घेरतील. व्ही. एस. नायपॉल यांची पुढच्या काळातली काही मते आम्हाला मुळीच मान्य नाहीत. ब्राह्मण घराण्याची ऐट त्यांच्या लिखाणात मधूनमधून डोकावते, ती आम्हाला दिसते. पण १९९० साली हिंदुस्थानवर त्यांचे जे जाडजूड पुस्तक आले, त्याची सुरुवात कुठून होते माहीत आहे? मुंबईतून. विमानतळावरून शहरात येताना त्यांना रस्त्यावर लोकांची लांबच लांब रांग दिसते, ही गर्दी कसली ते कळत नाही. मग समजते, की हे लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना वंदन करायला आलेले आहेत. आमच्या कवी नामदेव ढसाळांना आणि मल्लिकाताईंना भेटून त्यांनी त्याच पुस्तकात सविस्तर लिहिले आहे. त्या काळात आम्ही स्वतः दरवर्षी त्या रांगेत असायचो. ज्याला आम्ही आज वाचतो, त्याने एकदा आम्हाला पाहून गाडी पुढे नेली असेल! असो.

आता आमचे सांगतो. हे सांगायला आम्ही कचरत होतो, पण पोरीला शब्द दिला आहे.

आमचे थोरले बंधू, दादा, १९७९ साली कुवेतला गेले. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे. आईला अक्षर येत नव्हते. म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी एरोग्राम आणायचा, आई चुलीपुढे बसून सांगणार आणि आम्ही लिहिणार. आई सांगायची ते असे: "लिही, तळमजल्यावरच्या म्हातारीनं नळावर सगळ्यांच्या बादल्या लाथेनं पाडल्या, मग तिची ती रडत बसली. लिही, गावच्या घराची एक भिंत पावसात बसली, पण चूल शाबूत आहे. लिही, तुझा निळा सदरा अजून खुंटीवर आहे, मी धुवून परत लावते. लिही, काल रात्री तुझा बाप झोपेत तुझं नाव घेऊन उठला." असे तासभर चालायचे. आणि बाहेर पोरे क्रिकेट खेळत असायची. आम्ही काय लिहायचो? "इकडील सर्व क्षेम. तिकडील क्षेम कळवावे. ड्राफ्ट पोचला. आईचा आशीर्वाद." चार ओळी. आई म्हणायची, "वाच बरं." आणि आम्ही तिने सांगितलेले सगळे, जसेच्या तसे, कोऱ्या कागदाकडे बघत घडाघडा म्हणून दाखवायचो. ती खूश व्हायची. तिला कधी कळले नाही.

अकरा वर्षे. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, आपल्या सरकारने दीड-पावणेदोन लाख माणसे विमानाने परत आणली, त्यात दादा आले. अम्मानहून. हातात एकच पेटी. आम्ही तेव्हा बदलीवर लागलेलो होतो. दादा आमच्याशी फार बोलत नसत. आम्हाला वाटायचे, तिकडे राहून माणूस बदलतो. १९९८ साली आई गेली. २०१६ साली दादा गेले. त्यानंतर वहिनींनी ती पेटी आम्हाला दिली. त्यात आमची सगळी पत्रे. तारखेने लावलेली, दोरा बांधलेली. सगळ्यांत तेच. इकडील सर्व क्षेम. ड्राफ्ट पोचला.

एकच पत्र वेगळ्या अक्षरात होते. एका वर्षी आम्हाला टायफॉईड झाला होता, तेव्हा आईने शेजारच्या चौदा नंबरच्या ताईंकडून पत्र लिहून घेतले होते. ताईंनी आईने सांगितलेले सगळे लिहिले होते. कडेकडेने, उभे-आडवे, कागदाला जागा उरली नव्हती. निळा सदरा होता. भिंत होती. त्या पत्राच्या घड्या फाटल्या होत्या आणि मागून चिकटपट्टी लावलेली होती. एकदा फाटल्यावर, पुन्हा फाटल्यावर. बाकीची पत्रे कोरीच्या कोरी होती.

हे सगळे आम्ही पोरीला फोनवर सांगितले. जेवलीस का, याच्या जागी ते सांगितले. ती नाईट ड्युटीच्या मधल्या सुट्टीत होती. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "पप्पा, आजी सांगायची ते तुम्हाला अजून पाठ आहे?" आहे. जे कागदावर लिहिले नाही ते डोक्यात राहिले. तेव्हापासून लिहितो आहे. दोनशे पानी वह्या, चार झाल्या. पानांचे फोटो काढून पाठवतो, ती तिकडे वाचते आणि खोड्या काढते. म्हणते, इथे तुम्ही भाषण करताय, इथे आजीला बोलू द्या. तीही आता लिहिते, तिच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या गोऱ्या बायांविषयी, कोण मुलाची वाट बघते, कोण नर्सचा हात सोडत नाही. सुरुवातीला आम्ही आमच्या वह्यांना आठवणी म्हणत होतो. पण आईने न सांगितलेले, आम्ही कल्पनेने घातलेले त्यात फार झाले, आणि नातेवाईक हयात आहेत म्हणून नावे बदलावी लागली. पोरगी म्हणते, मग ही कादंबरीच झाली. झाली असेल. आम्ही कादंबरीकार म्हणून इथे उभे नाही. वही पुरी होईल न होईल.

सीपरसादच्या गोष्टींचे पुस्तक शेवटी लंडनला निघाले, ते १९७६ साली. प्रस्तावना मुलाने लिहिली. बाप जाऊन तेवीस वर्षे झाली होती.

आमच्या चौथ्या वहीत नळावरची ती म्हातारी अडकून बसली आहे. तिने बादल्या का पाडल्या, हे आईने कधी सांगितले नव्हते. पोरगी रोज विचारते. ज्यांना माहीत असेल त्या एकच बाई उरल्या आहेत, त्या चौदा नंबरच्या ताई. आज त्या ऐंशीच्या पुढे आहेत आणि इथे पहिल्या रांगेत, खांबाजवळ बसल्या आहेत. ताई, कार्यक्रम संपला की लगेच घरी जाऊ नका. खीर आहे, ती घेऊन आपण मागच्या पायरीवर बसू. वही आणली आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.